कडक गादी म्हणजे चांगली गादी नव्हे

‘गादी जितकी कडक, तितकी पाठ ठणठणीत’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कणा रात्रभर सरळ राहायला हवा, म्हणून अंथरूण सपाट आणि टणक हवं. मऊ गादी कणा वाकवते. डॉक्टरही कडक गादीच सांगतात. सुरुवातीला अंग दुखलं तर ती सवय लागत असल्याची खूण. आणि गादी घ्यायचीच असेल तर जास्त डेन्सिटीची, ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेली घ्या.

माझ्या आईने हा मेसेज वाचला, गादी उचलून भिंतीला लावली आणि फळीवर चादर घालून झोपायला लागली. दहाव्या दिवशी तिला उजव्या कुशीवर वळता येईना. माझं काम गाद्यांच्या रचनेचं, फोमच्या चाचण्यांचं. तरी घरातच हे व्हावं याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलाच मुद्दा घ्या, कणा सरळ हवा हा. मागून पाहिलं तर निरोगी कणा सरळ दिसतो, हे खरं. पण बाजूने पाहा. मानेपाशी तो आत जातो, पाठीत बाहेर येतो, कमरेत पुन्हा आत जातो. ही वळणं मोडायची नसतात, सांभाळायची असतात. फळीवर किंवा नुसत्या जमिनीवर उताणे झोपा आणि तळहात कमरेखाली सरकवा. बहुतेकांचा हात अडथळ्याशिवाय आत जाईल. याचा अर्थ कंबर अधांतरी आहे. सगळा भार पाठीचा वरचा भाग, नितंब आणि टाचा घेताहेत, आणि ज्या जागेसाठी फळी आणली तिलाच टेकू नाही.

कुशीवर तर आणखी वाईट. खांदा आणि खुबा रुंद, कंबर त्यामानाने बारीक. फळी दबत नाही, म्हणून खांदा आणि खुबा वर अडकून राहतात आणि मधली कंबर खाली झुकते. कणा एका बाजूला वाकतो. मऊ गादीने जे होईल म्हणून मेसेज घाबरवतो, नेमकं तेच फळीवर होतं.

आमच्याकडे अंगाखाली पसरायची सेन्सरची एक चादर असते. कुठे किती दाब आहे ते पडद्यावर रंगांत दिसतं. टणक पृष्ठभागावर माणूस कुशीवर झोपला की खांद्याखाली एक आणि खुब्याखाली एक असे दोन लालभडक ठिपके उमटतात, आणि कमरेची जागा कोरी राहते. त्याच माणसाला नीट रचलेल्या गादीवर झोपवलं की ठिपके पसरून फिके होतात आणि कमरेखाली रंग भरतो. माणसाचं वजन तेवढंच, फक्त ते पेलणारी जागा वाढली. दाब एका ठिकाणी एकवटला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि आपण झोपेतच कूस बदलतो. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही अशा रुग्णांना माकडहाड, खुबा आणि टाचांवर जखमा होतात, त्याही याच कारणाने.

मऊ गादीबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. जुनी, मध्ये खड्डा पडलेली गादी खरंच त्रास देते. कंबर-नितंबांकडचा भाग जड. तो खाली जातो, पाय आणि छाती वर राहतात आणि अंगाची झोळी होते. अशा गादीवरून उठून जमिनीवर झोपलेल्याला बरं वाटलं असेल, तर तो खोटं बोलत नाही. पण चूक मऊपणाची नव्हती. खालचा आधार संपला होता.

गादी समजून घ्यायची तर या दोन गोष्टी वेगळ्या करायलाच हव्यात. अंग टेकताच पहिले काही सेंटिमीटर किती सहज दबतात, ही एक. वजन पूर्ण पडल्यावर खालून किती जोर परत येतो, ही दुसरी. फोम तपासताना आम्ही एक गोल तबकडी त्यात दाबतो. जाडीच्या 25 टक्के दाबायला किती जोर लागला ते मोजतो, मग 65 टक्क्यांपर्यंत नेऊन पुन्हा मोजतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की आधार कळतो. भागाकार मोठा आला, तर तो फोम वरून मऊ लागेल, पण तळाला जाऊ देणार नाही. फळी सुरुवातीलाच अडवते, खचलेली गादी शेवटपर्यंत अडवत नाही.

स्प्रिंगच्या गादीतही तोच प्रश्न. जेम्स मार्शल यांनी 1899 च्या सुमारास कॅनडात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या खिशात शिवली. तारेने एकमेकींना जखडलेल्या स्प्रिंगा शेजारणीलाही सोबत खाली ओढतात. खिशातली स्प्रिंग आपल्यापुरती दबते, म्हणून खांद्याखालची खोल जाते आणि कमरेखालची उभी राहते. आजच्या पॉकेट स्प्रिंगच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

डॉक्टरांचं म्हणाल तर, एके काळी गादीखाली फळी घालायला खरंच सांगत. पुढे ते तपासून पाहिलं गेलं. 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या, पण ठरावीक आजार न सापडलेल्या 313 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी, दुसऱ्याला मध्यम कडक, आणि कुणाला कोणती मिळाली ते सांगितलं नाही. 1 म्हणजे सर्वांत कडक आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ अशा मापावर कडक गादी 2.3 ची होती, मध्यम 5.6 ची. 90 दिवसांनी अंथरुणातलं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण, दोन्हींत मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम होता. यातून पिसासारखी मऊ गादी चांगली असं निघत नाही. ‘जितकी कडक तितकी चांगली’ हे मात्र टिकत नाही.

दुखणं ही सवय लागण्याची खूण, हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. नव्या गादीशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात, ते ठीक. पण रोज सकाळी आखडलेली पाठ, मुंग्या आलेला हात, कुशीवर वळताना कळ, याला सवय म्हणू नका. अंथरूण बदला. आणि पायातला जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर गादीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणाचा नाही. 50 किलोचा मेमरी फोम बोटाने दाबला तरी खोल जातो, आणि 25 किलोचा साधा फोम टणक बनवता येतो. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दामागे तर कडकपणाचा ठरलेला आकडाच नाही.

मेसेजात झोपणाऱ्याचा उल्लेखच नाही, हे मला खटकतं. 50 किलोच्या माणसाला जी गादी दगड वाटेल, तीच 90 किलोच्या माणसाखाली मऊ पडेल. कुशीवर झोपणाऱ्याला वरचा थर जाड लागतो, पालथं झोपणाऱ्याला पातळ. तान्ह्या बाळाचा नियम मात्र वेगळा: पहिलं वर्षभर त्याला सपाट, टणक गादीच हवी, कारण मऊ अंथरुणात तोंड रुतून श्वास कोंडू शकतो.

आईची फळी मी काढली नाही. फळीवर जरा घट्ट फोम ठेवला आणि त्यावर लेटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा, 5 सेंटिमीटरचा थर. तिला उताणी झोपवून कमरेखाली हात घातला. या वेळी तो अंगाला घासतच आत गेला. मग ती उजव्या कुशीवर वळली, आणि मी मानेपासून माकडहाडापर्यंत एकेका मणक्यावरून बोट फिरवत आलो. रेघ कुठे खाली झुकली नव्हती.