शुक्रवारी घरी येणारा ॲप्रन

दर दोन-चार महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तोच संदेश फिरून येतो: जपानी शाळांत सफाई कामगार नसतात, मुलेच वर्ग झाडतात, चौथीपर्यंत परीक्षा नसते, म्हणून तो देश पुढे गेला. साताऱ्याकडच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर असलेले मामा त्याखाली न चुकता विचारतात, "आपल्याकडे हे कधी होणार?" आम्ही टोकियोच्या एदोगावा प्रभागात राहतो आणि मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे, त्यामुळे उत्तराची अपेक्षा माझ्याकडून असते. परीक्षेचे आधी सांगून टाकतो. एकेक घटक शिकवून झाला की चाचणी होते, अगदी पहिलीपासून, आणि ती लाल पेनाने तपासून घरी येते. देखभालीसाठी शाळेत कर्मचारीही असतात. मुले झाडतात, फरशी पुसतात, हे मात्र खरे.

झाडण्याचे फोटो निघतात, ॲप्रनचे कोणी काढत नाही. दुपारचे जेवण वाढण्याची पाळी आठवडाभराची असते. पाळीची मुले पांढरा ॲप्रन, टोपी आणि मास्क घालून भांडी वर्गात आणतात, भात, सूप, भाजी मापाने वाढतात. शिक्षक त्यांच्याबरोबर तेच अन्न खातात आणि मुख्याध्यापकांनी ते त्याआधीच चाखून पाहिलेले असते. शुक्रवारी ॲप्रन घरी येतो. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत पाठवायचा, तोही पुढच्या पाळीच्या मुलासाठी. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बाहीवर करीचा पिवळा डाग होता. आधीच्या घरांना तो निघाला नव्हता, मलाही निघाला नाही. (भारतात असताना स्वतःच्या शर्टालाही मी कधी इस्त्री केली नव्हती, हे इथे कबूल केलेले बरे.) हा आधी कोणाच्या मुलाने घातला होता आणि पुढे कोणाचे मूल घालणार, हे आम्हाला ठाऊक नसते आणि कोणी विचारतही नाही.

मामांच्या प्रश्नाशी मी अडखळतो तो इथेच. मी ज्या शाळेत शिकलो तिथेही मुलेच वर्ग झाडत होती. केर मुलींनी काढायचा, पाणी मुलांनी भरायचे, आणि मुतारी कोणी धुवायची हे कोणी न सांगताही ठरलेले असे. आपल्याकडे झाडूला जात चिकटलेली आहे. तो मुलांच्या हाती द्यायचा तर आधी पाळी सर्वांची आहे याची हमी हवी, आणि त्यासाठी जपानकडेच पाहायला हवे असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामे करत होती.

जपानने ही गोष्ट सदिच्छेवर सोडलेली नाही. शालेय भोजनाचा कायदा १९५४ चा आहे. जेवण, सफाई, वर्गसभा यांना वेळापत्रकात जागा आहे आणि वर्गसभेसारख्या उपक्रमांना अभ्यासक्रमात 'तोक्कात्सु' असे नाव आहे. इजिप्तने २०१६ मध्ये जपानशी करार करून २०१८ पासून याच पद्धतीच्या शाळा सुरू केल्या.

मात्र या यंत्रणेची किंमत संदेशात कधीच येत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा, सहभागी देशांत सर्वाधिक होता. जेवणाची सुट्टीही त्यांच्यासाठी कामाचीच असते. २०२३-२४ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतली ३,४६,४८२ मुले आजारपण किंवा आर्थिक अडचण नसताना तीस किंवा त्याहून अधिक दिवस शाळेत गेली नाहीत. ज्या व्यवस्थेत सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची असते, तिच्यात ज्याला ती जमत नाही त्याचे वेगळेपण लपत नाही. मुलीच्या वर्गात एक बाक महिनोन्महिने रिकामा आहे. त्यावर ठेवायची पत्रके शिक्षिका न चुकता पाकिटात घालतात आणि शेजारचे मूल ती त्या घरी पोहोचवते. ही काळजी आहे की तगादा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मामांनी गेल्या आठवड्यात पुन्हा विचारले, तेव्हा मी लिहिले: तुमच्या शाळेत पाळीचा तक्ता लावा, मुतारीपासून सुरुवात करा, पहिले नाव मुख्याध्यापकांचे घाला आणि मुलामुलींची नावे आडनावांशिवाय लिहा. एरवी माझ्या प्रत्येक संदेशाला त्यांचा अंगठा येतो. या वेळी अजून आलेला नाही.