‘एक होडीवाला’ दादांना उत्तर: जाहिरातीत गुडघाभर पाणी का लिहायचं?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं निम्मं पटलं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मालवणजवळ देवबाग-तारकर्लीकडे होडी भाड्याने देणाऱ्यांनी नेटवर जाहिरात कशी लिहावी, यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली दादा म्हणतात, “पुण्यात बसून आमका शाणपण शिकवू नकात. डॉल्फिनचो फोटो काढून टाका, माणसां किती ती लिहा, पाण्यात उतरूचा लागता ता लिहा! असा लिवल्यार गिऱ्हाईक बाजूच्या होडयेत बसतला. तुमचो एक रुपयो तरी ह्येच्यात आसा काय?”

रुपया नाही. होडी मामेभावाची, मी फक्त तिची जाहिरात लिहितो आणि सुट्टीत गेलो की जेटीवर फोन उचलतो. माझी अक्कल काय ती फोन उचलून आलेली आहे.

आधी जे पटलं ते. तुम्ही म्हणता, देवबाग असं लिहून कोणी शोधत नाही, सगळे तारकर्लीच टाकतात. शंभर टक्के खरं. मी नुसतं देवबाग लिहा म्हणालो होतो, ती माझी चूक. पण नुसतं तारकर्ली लिहिलं तर माणसं तारकर्लीच्या किनाऱ्यावर गाडी लावून ‘तुमची होडी दिसत नाही’ म्हणून फोन करतात, हेही तुम्ही अनुभवलं असेलच. आता आम्ही ‘तारकर्लीच्या पुढे, देवबाग जेटी’ असं लिहितो आणि नकाशावरची खूण थेट जेटीवर ठेवतो, मामेभावाच्या घरावर नाही. पूर्वी ती घरावर होती. मामी बिचारी पर्यटकांना पाणी देऊन जेटीचा रस्ता दाखवायची.

आता गुडघाभर पाण्याकडे येतो, कारण तुमचा खरा राग त्याच्यावर आहे. आमची जुनी जाहिरात अशी होती: ‘कोकणातील स्वर्ग! अविस्मरणीय नौकाविहार! परवडणाऱ्या दरात! डॉल्फिन दर्शन गॅरंटी!’ फोटो भरतीच्या वेळचा, होडी जेटीला टेकलेली. तो बघून सांगलीचं एक कुटुंब आलं. सोबत आजी, गुडघ्यांनी अधू. आले नेमके ऐन ओहोटीला. होडी जेटीपासून लांब, मध्ये चिखल आणि पाणी. आजी काठावर पिशवी धरून उभ्या राहिल्या, मुलगा आमच्यावर ओरडला, आणि रात्री एका ताऱ्याचा शेरा पडला. त्यात त्याची चूक काय? फोटोत पाणी जेटीला लागलेलं होतं.

तर आता तिथे लिहिलंय: ‘ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. आजी-आजोबा सोबत असतील तर यायच्या आधी भरतीची वेळ विचारा.’ तुम्हाला वाटतं हे वाचून माणूस पळेल. मला फोनवर उलट अनुभव आला. माणसं विचारायला लागली. आणि ‘भरती किती वाजता?’ असं विचारणारा माणूस शक्यतो ‘शेवटचा दर बोला’ म्हणत नाही, तो यायचं ठरवूनच बोलत असतो.

अर्थात यातही गोची आहे. आजीला चढायला भरती हवी, आणि नातवंडांना नदी-समुद्राच्या संगमावरची वाळूची पुळण हवी, ती उघडी पडते ओहोटीला. ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तिथे भरतीला जाऊन काय बघणार, पाणी? म्हणून ‘सकाळी 9 ते संध्याकाळी 6’ असं छापून चालत नाही. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. तुमच्या-आमच्या आज्याला तिथीची पाऊणपट तोंडपाठ होती: चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला भरती. तास-अर्धा तास इकडेतिकडे, पण अदमास लागतो. पुण्याच्या माणसाला हे कुठून कळणार? मामेभाऊ आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या स्टेटसला दुसऱ्या दिवशीच्या दोन वेळा टाकतो, एक चढायला सोपी, एक पुळण दिसायची. सगळ्या जाहिरातीत हीच एक गोष्ट बाजूच्या होडीकडे नाही.

डॉल्फिनचं थोडक्यात. फोटो हवं तर राहू द्या, पण ‘गॅरंटी’ हा शब्द काढून टाका. गॅरंटी दिली की माणूस पैसे वसूल करायला तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या मागे लागतो, ‘अजून पुढे घ्या, त्या बाजूला घ्या’, आणि इंजिन त्या जनावरांच्या अंगावर जातं. कायद्याने संरक्षित प्राणी आहे तो. ‘सकाळी लवकर, वारा चढायच्या आधी दिसायची शक्यता जास्त’ एवढं लिहिलं तर खोटंही नाही आणि सातची फेरीही भरते.

माणसांचा आकडा मात्र मी मागे घेणार नाही. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘जास्तीत जास्त 8, लाइफ जॅकेट मोठ्यांची 8, मुलांच्या मापाची 3’ हे वाचून लहान लेकरांची आई आधी फोन करते. तिला स्वर्ग नको असतो, मापाचं जॅकेट हवं असतं. त्याचाही फोटो टाका, पट्टे बांधलेले दिसतील असा.

दर लिहिला की घासाघीस होते, हे तुमचं निम्मं बरोबर. माणशी दर लिहिला की घासाघीस होतेच, शिवाय चौघांचं कुटुंब बाकीचे चार जमेपर्यंत उन्हात बसतं, आणि गर्दीच्या दिवशी ‘अजून दोघे बसतील’ हा मोह आपल्यालाही सुटत नाही. म्हणून अख्ख्या होडीचा दर लिहा. किती ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

आणि पावसाळ्यात नकाशावर ‘तात्पुरतं बंद’ करून ठेवा हो. जुलैत फोन येतात, खरंच येतात.

तुमच्या होडीला कापडी छत आहे का, ओहोटीला फळी टाकता का आणि इंजिन बंद करून खाडीत किती वेळ थांबता, एवढं खाली कळवा. मजकूर मी लिहून देतो. पैसे नकोत, पुढच्या खेपेला आईला घेऊन येतोय, तिचेही गुडघे दुखतात.