‘हार्मोनच्या गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात बायांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की स्तनाचा कॅन्सर होतो. एकदा लागल्या की सुटत नाहीत. आपल्या आज्यांनी कुठे घेतल्या? सोयाबीन खा, गोळ्या आजच बंद करा.’ तो वाचून माझ्या वहिनीने गोळ्यांचं पाकीट पेटीत टाकून दिलं. पंधरवड्यात म्हणाली, "ताई, रातभर आंगातून वाफा निंगतात, पातय वलंचिंब होते."

कॅन्सरची भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा एक भाग २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र घेणाऱ्या दर १०,००० बायांमागे वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये ३० जणींना. म्हणजे आठ जास्त. हा धोका खरा आहे. पण त्या बायांचं सरासरी वय ६३ होतं. आणि गर्भाची पिशवी काढलेल्या ज्या बायांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात हा धोका वाढलाच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे गाळलं.

वहिनी ४१ वर्षांची आहे. ३८व्या वर्षी तिची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. तिच्या पाकिटात नुसतं इस्ट्रोजेनच आहे. अंडाशयं इतक्या लवकर गेली की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून दुसरी अडचण नसेल तर निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हार्मोन घ्यायला सांगतात. ६३ वर्षांच्या बाईचा हिशेब तिला लावून कसं चालेल?

‘सुटत नाहीत’ हे खोटं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. बंद केल्यावर काहींना वाफा परत येतात, कारण मूळचा त्रास अजून संपलेला नसतो.

आज्यांचं म्हणाल, तर माझी आजी ओसरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठली नाही. तेव्हा कोणी तिची हाडं तपासली होती? सोयाबीन खुशाल खा, काहींना थोडा आराम पडतो. पण काढलेल्या अंडाशयांची जागा ते घेत नाही. शिवाय आपलं सोयाबीन पोत्यात भरून बाजार समितीत जातं, ताटात येतं किती?

ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, लिव्हरचा मोठा आजार आहे किंवा कारण न कळता अंगावरून जातंय, त्यांनी या गोळ्या साधारणपणे घेऊ नयेत. असा इतिहास असेल तर तो आधीच डॉक्टरांना सांगा.

माझ्या ओळखीच्या बाया गोळ्या सोडतात त्या बहुतेक वेगळ्याच कारणांनी. सुरुवातीच्या महिन्यांत कपड्याला डाग लागतो आणि त्या घाबरतात. वेचणीच्या दिवसांत पाकीट संपतं, मजुरी बुडवून यवतमाळला जाणं होत नाही. एकीने तर पैसे वाचवायला दोनातली एकच, इस्ट्रोजेनची गोळी घेतली. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मेसेज पाठवायचाच तर हा पाठवा.

वहिनीला घेऊन मी सोमवारी सकाळच्या एसटीने जाते आहे. पेटीतलं पाकीट आणि ऑपरेशनचे कागद तिने थैलीत भरून ठेवलेत.