‘या वयातही’ मधला ‘ही’

८३ वर्षांचा एक माणूस एकटाच पॅसिफिक महासागर ओलांडायला निघाला, तेव्हा त्याने औषधांनी भरलेली पेटी बरोबर घेतली होती. ६९ दिवसांनी तो पलीकडे पोचला. त्या पेटीतलं काय काय वापरलं? डोळ्यांत घालायचे थेंब आणि जखमेवर लावायच्या पट्ट्या. बस.

केनिची होरिए. २०२२ च्या मार्चअखेरीस ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ४ जूनला जपानच्या कीइ सामुद्रधुनीत पोचले. वाटेत कुठेही न थांबता, सुमारे साडेआठ हजार किलोमीटर. होडी १९ फुटांची, अॅल्युमिनियमची, वजन ९९० किलो. म्हणजे साध्या मोटारीपेक्षा जेमतेम दीड मीटर लांब आणि वजनाला बहुतेक मोटारींपेक्षा हलकीच. न थांबता एकट्याने पॅसिफिक ओलांडणारा सर्वांत वयस्कर माणूस म्हणून त्यांची नोंद झाली.

ही बातमी मी तेव्हाही वाचली होती आणि गेल्या महिन्यात पुन्हा शोधून वाचली. का, ते पुढे सांगते. आधी एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. अशी कुठलीही बातमी आली की आपण हमखास लिहितो, ‘या वयातही’. त्यातला तो ‘ही’ मला फार खटकायला लागला आहे. कौतुकाचा आहे, कबूल. पण त्या एका अक्षरात आपण त्या माणसाचं सगळं आयुष्य पुसून टाकतो. जणू काल झोपाळ्यावर बसलेले आजोबा आज अचानक उठले आणि समुद्रात गेले!

होरिए पहिल्यांदा हाच महासागर ओलांडून गेले ते १९६२ साली. वय २३. तेव्हाही होडी १९ फुटांचीच, प्लायवुडची. त्या काळी जपानमधून कुणाला खासगी शिडाच्या होडीने परदेशी जायची परवानगी मिळत नसे. मग हा मुलगा रात्री गुपचूप निघाला. पासपोर्ट नाही, खिशात पैसे नाहीत, इंग्रजी जेमतेम. पकडलो गेलो तर, ही धास्ती सतत मनात. ९४ दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला लागला. तिथल्या महापौरांनी त्याला हाकलून दिलं नाही. उलट शहराची मानाची किल्ली दिली आणि महिनाभर राहायची सोय करून दिली. कोलंबसकडे तरी कुठे पासपोर्ट होता, असं ते म्हणाले होते. ती प्लायवुडची होडी सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी संग्रहालयाकडे गेली.

त्यानंतर हा माणूस थांबलाच नाही. १९७४ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नव्वदच्या दशकात सायकलसारखे पायडल मारत हवाईहून ओकिनावा. अॅल्युमिनियमचे वापरलेले डबे वितळवून बांधलेल्या, सूर्यशक्तीवर चालणाऱ्या होडीतून दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून टोकियो. बियरच्या जुन्या पिंपांपासून बनवलेल्या होडीतून पुन्हा पॅसिफिक. २००८ मध्ये लाटांच्या शक्तीवर चालणारी होडी घेऊन हवाईहून जपान, तेव्हा वय ६९. २०२२ ची सफर ही या सगळ्याच्या पुढची. त्या दोन हातांना दोर ओढायची साठ वर्षांची सवय होती. तिथे ‘ही’ कशाला हवा? ‘या वयामुळे’ का नको?

कुणी म्हणेल, ९४ दिवसांचे ६९ झाले, म्हणजे म्हाताऱ्याने तरुणाला हरवलं. तशी तुलना मी करणार नाही, ती खोटी होईल. १९६२ ची सफर पश्चिमेकडून पूर्वेला होती, २०२२ ची पूर्वेकडून पश्चिमेला. दोन्हींचे वारे वेगळे. मधल्या साठ वर्षांत होडी बदलली, हवामानाची माहिती मिळण्याची पद्धत बदलली. तायफूनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, मुख्य हंगाम सुरू व्हायच्या आत घर गाठायचं, हे गणित मांडून ते मार्चमध्ये निघाले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे गणित.

एकट्याने शिडाची होडी नेणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ताकदीचं काम असणार. ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागतं ते आधी ओळखणं. वारा वाढायच्या आत शीड आखडायचं, म्हणजे गुंडाळून लहान करायचं असतं. जुने दर्यावर्दी सांगतात, शीड आखडावं का असा विचार पहिल्यांदा मनात आला, तीच आखडायची वेळ. उशीर केला तर तेच काम दुप्पट ताकदीचं होतं आणि ओल्या, कलत्या फळीवर उभं राहून करावं लागतं. सगळ्यांत मोठी भीती होडी बुडायची नसते, आपण होडीतून पडायची असते. वाऱ्यावर चालणारं सुकाणू होडीला सरळ पुढे नेत राहतं. मागे पाण्यात राहिलेल्या माणसासाठी ती थांबत नाही. म्हणून कमरेचा पट्टा दोराने होडीला कायम अडकवलेला ठेवायचा.

आणि झोप. जहाजांच्या वाटेवर असताना पंधरा-वीस मिनिटांच्या वर सलग झोपायचं नाही, कारण क्षितिजावर नुकतं दिसलेलं मोठं जहाज तेवढ्या वेळात अंगावर येऊ शकतं. उठायचं, चारी दिशा बघायच्या, पुन्हा पडायचं. खोल समुद्रात जरा जास्त मिळते. सफरीच्या शेवटी होरिए तीन दिवस उलट्या प्रवाहाशी झगडत होते, किनारा जवळ आणि पाणी मागे ढकलतंय. त्यातून सुटल्यावर त्यांनी काय केलं? होडी योग्य दिशेला आहे ना, याची खात्री केली आणि एक डुलकी काढली. हे वाचून मी कितीतरी वेळ तिथेच अडकले. तेविशीतल्या होरिएला हे जमलं असतं का, कोण जाणे. किनारा दिसत असताना झोपायला फार मोठी समज लागते.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर हे सगळं लिहिणं अप्रामाणिक ठरेल. होरिए निघाले त्याच वर्षी, १ जानेवारीला, फ्रान्सचे जाँ-जाक साव्हँ अटलांटिक वल्हवत पार करायला एकटेच पोर्तुगालहून निघाले. त्यांनी आधी मोठ्या पिंपासारख्या नौकेतून अटलांटिक ओलांडला होता. नवखे मुळीच नव्हते. ७५ वा वाढदिवस त्यांनी समुद्रातच साजरा केला. काही दिवसांनी त्यांच्या यंत्रांनी संकटाचे संदेश पाठवले आणि अझोर्स बेटांजवळ त्यांची होडी उलटलेली सापडली. ते परत आले नाहीत.

म्हणजे धोका खरा आहे. पण तो वयाचाच आहे का? २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचं बघा. जुन्या पद्धतीच्या होड्या, आधुनिक दिशादर्शक यंत्रं वापरायची नाहीत, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात आपल्या अभिलाष टॉमी यांची डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली. वय ३९, नौदलाचा कसलेला अधिकारी. ‘ओसिरिस’ नावाच्या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. शर्यत पुरी केली फक्त पाच जणांनी आणि पहिले आले ७३ वर्षांचे जाँ-ल्यूक व्हान डेन हीड. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या, केप हॉर्नच्या, अलीकडे त्यांचीही होडी लाटेने आडवी पाडली होती, डोलकाठीचे जोड निखळायला आले होते. त्यांनी भर समुद्रात पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढून ते दोरांनी आवळून बांधले आणि तशीच होडी हाकत घर गाठलं. लाट जन्मतारीख विचारत नाही. आणि पुढच्या शर्यतीत अभिलाष टॉमी परत आले, दुसरे आले, हेही इथे सांगायलाच हवं.

ब्रिटनच्या जीन सॉक्रेटिस यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पती कर्करोगाने गेल्यानंतर त्या एकट्या समुद्रावर राहिल्या. २०१७ मध्ये सफरीच्या तयारीत असताना होडीवरून पडल्या, मान आणि फासळ्या मोडल्या. पुढच्याच वर्षी, ३८ फुटी होडी घेऊन त्या निघाल्या. २०१९ च्या सप्टेंबरात परत आल्या तेव्हा वय ७७, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. मान मोडलेल्या आईला तुम्ही-आम्ही काय सांगितलं असतं?

मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत आहे. माझे बाबा ७८ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं, तरुणपणी जिथे जिथे नोकरी केली ती गावं एकट्याने रेल्वेने फिरून बघायची. पंधरा दिवस. आरक्षण स्वतः केलं, कागदावर गाड्यांच्या वेळा लिहिल्या. आम्ही भावंडांनी एका संध्याकाळी त्यांना मध्ये बसवलं. या वयात? एकटे? काही झालं तर? कुणी वाईट बोललं नाही. सगळे प्रेमानेच बोलत होते. ते ऐकत राहिले. मग आत गेले आणि पलंगावर भरून ठेवलेल्या बॅगेतून एकेक शर्ट काढून कपाटात ठेवायला लागले, घडी न मोडता. मी दारात उभी होते. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

आपण त्यांचा जीव सांभाळत नव्हतो. आपली झोप सांभाळत होतो.

घरच्यांना काळजी वाटू नये, असं माझं म्हणणं नाही. होरिए सॅटेलाइट फोनवरून रोज घरी बोलत होते, कारण एक दिवस जरी फोन चुकला असता तरी घरचे घाबरले असते. होडी कुठे आहे ते किनाऱ्यावरून दिसत होतं. १९६२ मध्ये चोरून निघालेल्या मुलाला या वेळी निरोप द्यायला माणसं जमली होती. मला वाटतं, घरच्यांचा हक्क एवढाच, तयारी काय केलीस हे विचारायचा आणि खुशाली मागायचा. आणि तो हक्क हवाच, कारण समुद्रात कुणी अडकलं तर शोधायला जाणारेही जिवावर उदार होतात. पण जायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा. तो आपल्याकडे कधी आला? चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा?

गेल्या महिन्यात मी बाबांना होरिएंची गोष्ट सांगितली. माझ्या बहिणीने ऐकल्या ऐकल्या विचारलं, त्यांना काही झालं असतं तर? बाबांनी विचारलं, झोपायचे कधी? म्हणून मी ते सगळं शोधून वाचलं आणि त्यांना सांगितलं, पंधरा-वीस मिनिटांच्या झोपेचं, कमरेच्या पट्ट्याचं. त्यांनी ते नीट समजून घेतलं, मध्ये दोनदा थांबवून विचारलं.

परवा त्यांनी गाड्यांच्या वेळांचा तो जुना कागद काढला. वेळा बदलल्यात, नवीन लिहायला घेतल्यात. औषधांची यादी मी केली आहे. माझी एकच अट आहे, रोज रात्री आठला फोन. ते एक दिवसाआड म्हणतात. अजून ठरलेलं नाही.