जवानांना हेगला नेतील? रोम कराराबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

नेरूळ, सीवूड्स, बेलापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे. भारताने रोम करारात, म्हणजे नेदरलँड्सच्या हेग शहरातलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं त्या करारात, सामील व्हावं, असं म्हणणाऱ्यांना तो उद्देशून आहे. त्याचा सारांश असा: ‘सही केली की आपले जवान हेगच्या तुरुंगात. काश्मीरचा निवाडा परके न्यायाधीश करणार. अमेरिका, रशिया, चीन यात नाहीत, मग आपणच का? हे कोर्ट फक्त आफ्रिकेतल्या गरिबांना झोडपतं. पुतिनला पकडता आलं नाही, कुलभूषण जाधवांना सोडवता आलं नाही. आपली न्यायालयं समर्थ आहेत. देशप्रेमी असाल तर पुढे पाठवा.’

मी बेलापूरला फौजदारी वकिली करते. माझ्या ओळखीतल्या, शिकलेल्या, सुजाण माणसांनीही हा मजकूर पुढे पाठवला. त्यातली जवानांबद्दलची काळजी खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘आपले जवान हेगच्या तुरुंगात’

कराराचं १७वं कलम वाचलं असतं तर हे वाक्य लिहिलंच गेलं नसतं. ज्या देशाचा त्या प्रकरणावर अधिकार आहे तो स्वतः तपास करत असेल किंवा खटला चालवत असेल, तर हेगच्या न्यायालयाला त्या प्रकरणाला हात लावता येत नाही. त्या देशाने खरा तपास करून खटला न भरण्याचा निर्णय घेतला असेल, तरीही नाही. अपवाद दोनच. एक, त्या देशाची कारवाई करण्याची इच्छाच नसेल. दोन, त्याची यंत्रणा कोलमडलेली असेल. आपलं कोर्ट मार्शल हीसुद्धा देशांतर्गत कारवाईच आहे. ती प्रामाणिकपणे झाली असेल तर पुरेशी आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही. ब्रिटन या न्यायालयाचा सदस्य आहे. इराकमध्ये ब्रिटिश सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याच्या तक्रारी हेगला पोचल्या आणि तिथल्या अभियोक्त्यांच्या (खटला चालवणाऱ्या वकिलांच्या) कार्यालयाने त्यांची अनेक वर्षं प्राथमिक तपासणी केली. डिसेंबर २०२० मध्ये निष्कर्ष आला: गुन्हे घडले असं मानायला वाजवी आधार आहे, पण ब्रिटिश यंत्रणांची कारवाईची इच्छाच नव्हती असं म्हणता येत नाही. तपास सुरूही न करता प्रकरण बंद झालं. पीडितांच्या बाजूने पाहिलं तर मला तो निर्णय फारच सौम्य वाटतो. पण सैनिकांना उचलून नेणारं न्यायालय म्हणून ज्याचं चित्र रंगवलं जातं, त्याने प्रत्यक्षात काय केलं ते हे आहे.

इथे एक अवघड गोष्ट झाकून ठेवायची नाही. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली काम करणाऱ्या जवानावर खटला भरायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती परवानगी वर्षानुवर्षं मिळालीच नाही, तर ‘या देशाची इच्छाच नाही’ असं कुणी म्हणू शकेल. हा धोका खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय दिल्लीच्या हातात आहे. परवानगीची प्रकरणं वेळेत आणि कारणं देऊन निकाली काढली तर हेगचा प्रश्नच उरत नाही. नियमाने वागणाऱ्या लाखो जवानांचाही त्यात फायदाच आहे, कारण काही जणांच्या गुन्ह्याचा डाग मग सगळ्यांच्या गणवेशावर राहत नाही.

‘काश्मीरचा निवाडा परके न्यायाधीश करणार’

हे न्यायालय सीमेचे वाद सोडवत नाही. भूभाग कुणाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. ते माणसांवर खटले चालवतं आणि तेही चारच प्रकारच्या गुन्ह्यांसाठी: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा.

जुनी प्रकरणं उकरता येतील, ही भीतीही निराधार आहे. देश ज्या दिवसापासून सदस्य होतो त्यानंतरच्याच गुन्ह्यांवर अधिकार चालतो, असं ११वं कलम सांगतं. युद्धगुन्ह्यांच्या ८व्या कलमात दंगली आणि तुरळक हिंसाचार ‘अंतर्गत सशस्त्र संघर्षा’तून स्पष्टपणे वगळले आहेत. कायदा-सुव्यवस्था राखण्याची आणि देशाची एकता व अखंडता सर्व कायदेशीर मार्गांनी जपण्याची सरकारची जबाबदारी अबाधित राहते, असंही तिथेच लिहिलं आहे. आपल्या परराष्ट्र खात्याला हवं असलेलं वाक्य करारात आधीपासूनच आहे.

‘अमेरिका, रशिया, चीन यात नाहीत’

नाहीत, हे खरं. पण ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आहेत. यातल्या पहिल्या दोघांकडे अण्वस्त्रं आहेत आणि परदेशात सैन्य पाठवण्याचा मोठा इतिहासही. आपल्या शेजारी अफगाणिस्तान २००३ मध्ये, बांगलादेश २०१० मध्ये आणि मालदीव २०११ मध्ये सामील झाले.

या मुद्द्यामागे भारताचा एक जुना आणि रास्त आक्षेप आहे, तो या मजकुरात कुठेच नाही. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये १२० देशांनी करार मान्य केला, ७ विरोधात गेले, २१ तटस्थ राहिले. भारत तटस्थांमध्ये होता. सुरक्षा परिषदेला सदस्य नसलेल्या देशाचंही प्रकरण न्यायालयाकडे पाठवता येतं, यावर आपली मुख्य हरकत होती. स्वतः बाहेर राहून दुसऱ्यावर खटला धाडण्याचा अधिकार अमेरिका, रशिया आणि चीनला मिळाला, हे अन्यायाचंच आहे. अण्वस्त्रांचा वापर बंदीच्या यादीत नाही आणि दहशतवाद स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही, यावरही आपण बोट ठेवलं होतं.

पण सुरक्षा परिषदेचा हा अधिकार आपण बाहेर राहिल्याने कमी होतो का? नाही. २००५ मध्ये सुदानच्या दार्फूरचं आणि २०११ मध्ये लिबियाचं प्रकरण असंच पाठवलं गेलं, आणि दोन्ही देश सदस्य नव्हते. लिबियाचा ठराव एकमताने झाला. भारत तेव्हा परिषदेचा अस्थायी सदस्य होता आणि आपणही बाजूने मत दिलं. म्हणजे दुसऱ्याला हेगला पाठवायला आपला हात वर होता. ज्या न्यायालयावर आपण इतरांसाठी विश्वास ठेवतो, त्याचे नियम स्वतःलाही लागू व्हावेत असं म्हणण्यात कमीपणा कसला?

बाहेर राहिल्याने होणारं नुकसान मात्र ठोस आहे. न्यायालयाचे १८ न्यायाधीश आणि मुख्य अभियोक्ता सदस्य देश निवडतात. करारात बदल करायचा तर मतही तेच देतात. न्यायाधीश सदस्य देशाचाच नागरिक असावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं अध्यक्षपद भारताच्या नगेंद्र सिंह यांनी भूषवलं आणि दलवीर भंडारी २०१२ पासून तिथे बसतात. पण फौजदारी न्यायालयात भारतीय माणूस न्यायाधीश होऊच शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात जेत्यांनी मागाहून गुन्हे ठरवून हरलेल्यांना शिक्षा केली, हे ठणकावून लिहिणारे न्यायाधीश राधाबिनोद पाल आपले होते. त्यांचा आक्षेप रोम कराराने मान्य केला आहे: कृती घडली तेव्हा जो गुन्हा नव्हता त्यासाठी शिक्षा नाही. तो विचार ज्या खंडपीठांवर आज तपासला जातो, तिथे आपली खुर्ची नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘कुलभूषण जाधवांना सोडवता आलं नाही’

ही सरळ गल्लत आहे. जाधवांचं प्रकरण गेलं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तेही हेगमध्येच आहे, पण तिथे देश विरुद्ध देश असे वाद चालतात. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर भारताची बाजू मांडली ती तिथे. जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने वकिलातींच्या संपर्काबाबतच्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचं ठरलं आणि फाशीच्या शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेश झाला. फौजदारी न्यायालयाचा त्या खटल्याशी संबंध नव्हता.

‘फक्त आफ्रिकेतल्या गरिबांना झोडपतं, पुतिनला पकडता आलं नाही’

सुरुवातीचे खटले आफ्रिकेतलेच होते. पण युगांडा, काँगो, मध्य आफ्रिकन प्रजासत्ताक आणि माली या देशांनी आपापली प्रकरणं स्वतःहून सोपवली होती. पहिला दोषी ठरला काँगोचा थॉमस लुबांगा, २०१२ मध्ये, लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्याबद्दल. त्या मुलांना न्याय मिळाला याला ‘आफ्रिकेला झोडपणं’ म्हणायचं का? आता पुतिन यांच्यावर मार्च २०२३ पासून आणि नेतन्याहूंवर नोव्हेंबर २०२४ पासून अटक वॉरंट आहे.

न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, हा त्याचा खरा कमकुवतपणा. सदस्य असलेल्या मंगोलियाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन यांचं स्वागत केलं, अटक केली नाही. पण फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये मनिलाला पकडले गेले आणि हेगला नेले गेले. देशाने २०१९ मध्ये करार सोडला तरी त्याआधी अमली पदार्थविरोधी मोहिमेत झालेल्या हत्यांची जबाबदारी सुटली नाही. वॉरंटची ताकद किती, हे किती देश ते मानतात यावर ठरतं. दार्फूरच्या हत्याकांडाबद्दल वॉरंट असलेले सुदानचे ओमर अल-बशीर ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत परिषदेला येऊन गेले. न्यायालय दुबळं आहे अशी तक्रार करताना हेही आठवायला हवं.

मजकुरात नसलेला मुद्दा: आपली माणसं

हा न्यायालयाचा विषय नवी मुंबईपासून फार दूरचा वाटतो, आणि तसा तो नाही. करावेच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेतून पिढ्यान् पिढ्या मुलं जहाजांवर जातात. नेरूळ-सीवूड्समध्ये मर्चंट नेव्हीचं घर नाही अशी इमारत शोधावी लागेल. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन खलाशी मेले. आयएनएस कोलकाताने २१ जणांना वाचवलं, त्यात एक भारतीय होता.

करारातलं १२वं कलम इथे कामाला येतं. गुन्हा जहाजावर घडला तर जहाज ज्या देशात नोंदवलेलं आहे त्या देशाचं सदस्यत्व धरलं जातं. ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर बार्बाडोसचा झेंडा होता आणि बार्बाडोस सदस्य आहे. आपली मुलं ज्या झेंड्यांखाली सर्वाधिक काम करतात ते पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स हेही सदस्य आहेत. म्हणजे अशा हल्ल्याचा युद्धगुन्हा म्हणून तपास व्हावा, ही मागणी नेरूळच्या खलाशाच्या घरच्यांना पनामाच्या सदस्यत्वाच्या आधारे करता येईल. तो मुलगा तिरंग्याखालच्या जहाजावर असेल तर मात्र भारताच्या नोंदणीचा त्यांना काहीच उपयोग नाही.

हाच नियम जमिनीवरही लागू आहे. म्यानमार सदस्य नाही, पण सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना हाकलण्याचा गुन्हा सीमा ओलांडून बांगलादेशात पूर्ण झाला आणि बांगलादेश सदस्य आहे. त्या आधारावर नोव्हेंबर २०१९ मध्ये तपासाला परवानगी मिळाली. २६ नोव्हेंबर २००८ ला भारत सदस्य असता, तर कराचीत बसून सीएसएमटीवर आणि कामा रुग्णालयापाशी माणसं मारायला लावणाऱ्यांविरुद्ध, पाकिस्तान सदस्य नसतानाही, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा दावा आपल्याला मांडता आला असता. तो टिकला असता की नाही, यावर वकील वाद घालतील. आपल्याला तो मांडण्याची सोयच नव्हती.

‘आपली न्यायालयं समर्थ आहेत’

न्यायाधीश समर्थ आहेत, कायदा अपुरा आहे. वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५९ मध्ये मंजूर केला, पण तो गुन्हा आपल्या दंडसंहितेत आजही नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हेही नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आले नाहीत. १९८४ च्या शीख हत्याकांडात सज्जन कुमार यांना डिसेंबर २०१८ मध्ये जन्मठेप देताना दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकी हीच पोकळी दाखवली आणि ती तातडीने भरायला हवी असं लिहिलं. त्या निकालात १९९३ च्या मुंबईतल्या सामूहिक हत्यांचाही उल्लेख आहे. गुन्ह्यानंतर ३४ वर्षांनी आलेल्या निकालात न्यायाधीशांना कायदा कमी पडतो असं म्हणावं लागलं, त्यालाही अनेक वर्षं उलटून गेली.

परदेशांशी करार हा केंद्राचा विषय आहे, मंत्रालयात निवेदनं देऊन उपयोग नाही. ऐरोली आणि बेलापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत येतात, तेव्हा पत्र आपल्या खासदारांना लिहावं. त्यांनी लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारावा: दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दाखवलेली पोकळी भरणारं विधेयक सरकार कधी आणणार, आणि १९९८ मधल्या भारताच्या आक्षेपांपैकी कोणते आजही कायम आहेत? अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं.