यादी का दिली नाही: प्लॅनोकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्लॅनोकर (टेक्ससमधल्या प्लॅनो शहरातले वाचक), नमस्कार.

टेक्सस राज्याच्या घटनेतल्या, नोव्हेंबर 2025 मध्ये मतदारांपुढे आलेल्या 17 दुरुस्त्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि चांगलंच खरमरीत लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एवढं चऱ्हाट लावून कुठे 'हो' आणि कुठे 'नाही' ते लेखकाने सांगितलंच नाही. मतपत्रिकेवर प्रत्येक दुरुस्ती एका वाक्यात दिलेली असते, शिकल्यासवरल्या माणसाला ती कळते. सतराच्या सतरा मंजूर झाल्या, मग अभ्यासाचा उपयोग काय? आणि मुळात हे काम आमदारांचं. भारतात शंभरावर घटनादुरुस्त्या झाल्या, आपल्याला कोणी विचारलं? तेव्हा एका पानाची यादी टाका आणि मोकळे व्हा.

यातलं 'एका वाक्यात दिलेली असते' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ते वाक्य म्हणजे दुरुस्ती नव्हे. टेक्ससमध्ये घटनादुरुस्तीचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो, मग तो मतदारांपुढे येतो. गव्हर्नरची सही लागत नाही आणि त्याला नकाराधिकारही नाही. मतपत्रिकेवर काय शब्द छापायचे हे त्याच ठरावात लिहिलेलं असतं. म्हणजे ज्यांना दुरुस्ती हवी आहे तेच तिचं वर्णन लिहितात. त्यात खोटं काही नसतं, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं हे त्यांच्या हातात असतं. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेची नोटीस आठवा: 'उपविधीत दुरुस्ती करण्याबाबत विचार करणे.' विचार करून घरी गेलात की दुसऱ्या दिवशी पार्किंगचे नियम बदललेले.

आता याच निवडणुकीतली चार नंबरची दुरुस्ती घ्या. मतपत्रिकेवर लिहिलं होतं की राज्याच्या विक्रीकराचा काही भाग टेक्सस वॉटर फंडासाठी राखून ठेवायचा आणि त्याच्या वाटपाची व वापराची तरतूद करायची. बस. 'काही भाग' म्हणजे किती? वर्षाला 1 अब्ज डॉलरपर्यंत. कधीपासून? 2027 पासून, 20 वर्षं. विक्रीकराची वसुली वर्षाला 46.5 अब्ज डॉलरच्या पुढे गेली तरच त्या वरच्या रकमेतून हे पैसे काढायचे, ही अटही आहे. यातला एकही आकडा मतपत्रिकेवर नव्हता. पाण्यासाठी पैसे, नाही कोण म्हणणार? मीही 'हो' म्हटलं. पण पाण्यासाठी ठेवलेला डॉलर पुढच्या विधिमंडळाला शाळांकडे किंवा इस्पितळांकडे वळवता येणार नाही, हे समजून म्हटलं.

गाळलेल्या माहितीने मत कसं फिरू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण 2019 चं आहे. तेव्हाही योगायोगाने चारच नंबर होता. व्यक्तींवर आयकर लावण्यास मनाई करणारी दुरुस्ती, असं वाक्य होतं. वाचणाऱ्याला वाटावं की मनाई केली नाही तर उद्यापासून कर सुरू होतोय. प्रत्यक्षात 1993 पासूनच घटनेत तरतूद होती की विधिमंडळाने आयकर लावला तरी मतदारांनी सार्वत्रिक मतदानात मान्यता दिल्याशिवाय तो लागू होणार नाही. किल्ली आधीपासून मतदाराच्याच हातात होती. 2019 च्या दुरुस्तीने ती जुनी तरतूद काढून टाकली आणि कर लावायचा तर आधी घटना बदला, असं ठरवलं. घटना बदलायला विधिमंडळात दोन तृतीयांश लागतात, त्याआधी साधं बहुमत पुरत होतं. खरा बदल एवढाच. त्याच्या बाजूने मत देण्याचं कारण असू शकतं, विरोधात देण्याचंही असू शकतं. पण जुनी तरतूद होती हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. जवळपास 74 टक्के लोक 'हो' म्हणाले. त्यातल्या किती जणांना ते माहीत होतं, कोण जाणे.

हा टेक्ससचाच आजार नाही. ओहायोमध्ये 2024 च्या नोव्हेंबरला मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम राजकारण्यांकडून काढून 15 नागरिकांच्या आयोगाकडे द्यायचा प्रस्ताव होता. पक्षाच्या सोयीने सीमा आखणं थांबवायचं, हाच तो मांडणाऱ्यांचा हेतू. तिथे मतपत्रिकेची भाषा बॅलट बोर्ड नावाचं राज्याचं मंडळ ठरवतं. बोर्डाने लिहिलं की या आयोगाला पक्षांच्या सोयीने सीमा आखणं बंधनकारक असेल! प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 4 विरुद्ध 3 अशा निकालाने त्या भाषेचा बराचसा भाग कायम राहिला. प्रस्ताव पडला. त्या प्रस्तावाबद्दल तुमचं मत काहीही असो, घरून ठरवून गेलेला माणूससुद्धा ते वाक्य वाचून बुचकळ्यात पडला असेल.

म्हणून मी लेखात ठरावाचाच मजकूर वाचा म्हटलं होतं, त्याला तुम्ही 'वकिली किस' म्हणालात. विधिमंडळाच्या वेबसाइटवर ठराव असतो, त्यात घटनेतून काढलेले शब्द खोडलेले दिसतात आणि नवे शब्द अधोरेखित. इंजिनिअर माणसाला तरी जुन्या आणि नव्या कोडमधला फरक वाचायची सवय हवी, नाही का? तेवढा वेळ नसेल तर टेक्सस लेजिस्लेटिव्ह कौन्सिल ही विधिमंडळाची साहाय्यक संस्था दर वेळी एक विश्लेषण काढते. त्यात पार्श्वभूमी, समर्थकांचे मुद्दे आणि विरोधकांचे मुद्दे असतात. मी वाचतो ते बहुतेक तेच. एका दुरुस्तीला पाच मिनिटं पुरतात. गॅल्व्हेस्टन कौंटीतल्या (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) दुरुस्तीला तर दोनच पुरली होती. हो, 2023 मध्ये साऱ्या राज्याला विचारलं होतं की गॅल्व्हेस्टन कौंटीतलं खजिनदाराचं पद रद्द करायचं का. तिथून पावणेतीनशे-तीनशे मैलांवर राहणारे तुम्ही-आम्ही त्यावर काय बोलणार? पण 1876 ची ही घटना लिहिणाऱ्यांचा सरकारवर इतका अविश्वास होता की बारीकसारीक गोष्टीही त्यांनी घटनेतच बांधून टाकल्या, आणि आता त्या सोडवायला दर वेळी मतदार लागतो. पाचशेच्या वर दुरुस्त्या होऊन गेल्यात.

'सगळ्याच मंजूर होतात' हे मात्र जवळपास खरं आहे. 2023 मध्ये 14 पैकी 13 झाल्या. पडली ती न्यायाधीशांचं सक्तीचं निवृत्तीचं वय वाढवणारी. वय 75 वरून 79 करायचं होतं, पण तेही आकडे मतपत्रिकेवर नव्हते, नुसतं 'वय वाढवणे' होतं. त्या वर्षी नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण 14 टक्के लोकांनी मत दिलं. आता तुम्हीच सांगा, एवढ्या थोड्या मतांत तुमच्या एका मताचं वजन वाढतं की घटतं?

आणखी एक गोष्ट, जी यादीत कधीच बसत नाही: मतपत्रिकेवर एखाद्या प्रश्नापुढे कोरं सोडण्याचा अर्थ राज्यागणिक बदलतो. टेक्ससमध्ये त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचं साधं बहुमत पाहतात, त्यामुळे कोरं सोडलं तर परिणाम शून्य. मिनेसोटात निवडणुकीत मत देणाऱ्या एकूण मतदारांचं बहुमत लागतं, तेव्हा तिथे कोरं म्हणजे 'नाही'. फ्लोरिडात 60 टक्के लागतात, म्हणून 2024 मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला 57 टक्के मिळूनही ती पडली. गंमत म्हणजे ही 60 टक्क्यांची अट फ्लोरिडाच्या मतदारांनी 2006 मध्ये सुमारे 58 टक्क्यांनी मंजूर केली होती. तुमचा भाऊ टॅम्पात आणि मेहुणी मिनियापोलिसला असेल तर माझी यादी त्यांना पाठवू नका.

भारताबद्दल. आपल्याकडे कलम 368 प्रमाणे संसद दुरुस्ती करते, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते, आणि मतदाराला थेट विचारायची सोय नाही, हे बरोबर. पण आपल्या उंबऱ्यावर एकदा विचारलं गेलं होतं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं त्यांनी फुलावर, केंद्रशासित प्रदेश राहायचं त्यांनी दोन पानांवर शिक्का मारायचा. 1,72,191 विरुद्ध 1,38,170 असा विलीनीकरणाच्या विरोधात निकाल लागला. ती घटनादुरुस्ती नव्हती, हे कबूल. पण निकालावर अजून कुणाच्या मनात सल असेलही, तरी प्रश्न काय होता हे कळलं नाही अशी तक्रार कोणी करत नाही. इथे मला हवं आहे ते तेवढंच.

आता यादी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर नाव नसतं, त्यापेक्षा ही बरी म्हणून सांगतो. मी चार नंबरला आणि तेराला 'हो' दिलं. तेरा म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला स्कूल टॅक्समधून (शाळांसाठीच्या मालमत्ता करातून) वगळलेला भाग 1,00,000 वरून 1,40,000 डॉलर. कराचा दर शंभर डॉलरला एक डॉलर धरला तर वर्षाला 400 डॉलर वाचतात; शाळांचा खड्डा राज्य आपल्या तिजोरीतून भरणार, म्हणजे ते पैसे कुठून तरी येणारच. ही सवलत मिळायला नागरिक असावं लागत नाही, मत द्यायला मात्र लागतं. आपल्यातल्या कितीतरी एच-1बी व्हिसावाल्यांच्या घराचा कर तुमच्या-माझ्यासारख्यांनी ठरवला, हे लक्षात असू द्या. दोन, सहा आणि आठला मी 'नाही' दिलं. भांडवली नफ्यावर, शेअर व्यवहारांवर आणि वारशावर राज्याने कधीच कर लावू नये, अशा त्या तीन दुरुस्त्या. आज हे कर राज्यात नाहीतच. जे लावायचंच नाही ते लावू नका एवढं पुरेसं असताना पुढच्या पिढीचे हात घटनेने का बांधायचे, हा माझा आक्षेप. माझ्या बायकोने तेच विश्लेषण वाचून तिन्हींना 'हो' दिलं. पुढच्यांचे हात बांधण्यासाठीच तर घटना असते, हा तिचा मुद्दा. तिची यादी हवी असेल तर तीही मिळेल.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ठिकठिकाणी शाळांच्या बाँडवर, म्हणजे शाळांसाठी कर्ज काढू द्यायचं का यावर, मतदान असतं, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे मतपत्रिकेचं वाक्य उलट्या बाजूला झुकलेलं असतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) प्रत्येक बाँडवर 'ही मालमत्ता करातील वाढ आहे' असं मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, कराचा दर एक पैसाही वाढणार नसला तरी. डिस्ट्रिक्टवाले सांगतील दर तोच राहील. त्यांना पुढचा प्रश्न विचारा: जुनं कर्ज फिटल्यावर दर उतरला असता का? बाँडच्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत, तेव्हा 'शिक्षकांसाठी हो म्हणा' असं कोणी सांगितलं तर तेही तपासा. मोठं स्टेडियम किंवा नाट्यगृह असेल तर ते वेगळ्या प्रस्तावात असतं. एकाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' देता येतं, पुष्कळांना हे माहीतच नसतं. नमुना मतपत्रिका कौंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर मिळते. तिच्यावर पेनाने खुणा करून तो कागद खिशात न्या. आत फोन वापरू देत नाहीत, कागद चालतो.