इन्स्टॉल झालं, पण लोड नाही होऊन राहिलं

नवतपा चालू आहे. नागपुरात रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, अशा वेळी शहाणा माणूस कूलरसमोर लुंगी लावून गुपचूप पडून राहतो. मी मात्र मांडीवर लॅपटॉप घेऊन (म्हणजे बाहेर पंचेचाळीस, वर ही घरची शेगडी) पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकून राहिलो होतो.

झालं असं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं. मेंटेनन्सच्या तीन वर्षांच्या तीन एक्सेल फायली आहेत, तीन सेक्रेटरींनी आपापल्या मर्जीनं भरलेल्या, एकानं "बी-२०४" लिहिलं, दुसऱ्यानं "२०४ बी", आणि तिसऱ्यानं तर एका रकान्यात नुसतंच "वरचे काका". मी म्हटलं, थकबाकीदारांची यादी काढा आणि खाली बोर्डावर नावं लावा, लाज वाटल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "वा, मग रविवारपर्यंत तुम्हीच देऊन द्या काढून."

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणे मामा, पांडाज टाका, दोन मिनिटांचं काम आहे. आता पांडाज म्हणजे तो बांबू खाणारा प्राणी नव्हे, एक्सेलसारखे तक्ते हाताळणारं पायथनचं तयार पॅकेज, पॅनेल डेटा यावरून ते नाव पडलं, आणि पायथन म्हणजेही साप नव्हे, गुइडो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसानं १९९१ मध्ये ही भाषा बाहेर काढली आणि नाव दिलं एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून. विनोदी कार्यक्रमावरून! तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

काळी खिडकी उघडली, भाच्यानं सांगितलं तसं "पिप इन्स्टॉल पांडाज" टाइप केलं (पिप म्हणजे पायथनचं सामान इंटरनेटवरून आणून देणारा गडी), एंटर. रेषा भराभर पुढे सरकल्या आणि शेवटी आलं, सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. एकटा पांडाज नाही आला बरं का, नमपाय आला, डेटयुटिल आला, पूर्ण वऱ्हाड आलं. त्या वऱ्हाडात "सिक्स" नावाचं एक पॅकेज होतं, ते जुन्या पायथन २ ला आणि नव्या पायथन ३ ला जुळवून घेणारं, आणि नाव सिक्स का, तर दोन त्रिक सहा. नाव ठेवणाऱ्याला मानलं बाप्पा.

मग स्टार्ट मेनूतून पायथन लिहायची आयडल खिडकी उघडली, लिहिलं "इम्पोर्ट पांडाज", म्हणजे आलेलं पॅकेज कामाला बोलव, एंटर. लाल अक्षरं. मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड पांडाज.

अरे आत्ता तर वरात आली ना दारात!

पुन्हा इन्स्टॉल केलं, तो म्हणे रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड, म्हणजे आहे ना भाऊ, कशाले त्रास देता. इकडे इम्पोर्ट केलं, हा म्हणे नाहीच. तो म्हणे आहे, हा म्हणे नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, कारण आपल्या पिढीला तेवढंच येतं. मग अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल केलं. दर वेळी तिकडे तेच सक्सेसफुली आणि इकडे तीच लाल अक्षरं, आणि माझा बीपी.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "अहो, कूलर गरम हवा फेकून राहिला." गेलो. पंप तर घूं घूं करत होता, पण टट्ट्या कोरड्या ठणठणीत. मी म्हटलं पंप गेला, उद्या नवीन आणतो. ती म्हणाली, "पंप चालू आहे ना? मग पाणी जाऊन कुठं राहिलं ते पहा ना आधी." झाकण काढून पाहिलं तर वर जाणारी नळी निसटलेली, पाणी खालच्या खाली टाकीतच पडत होतं. नळी बसवली, दोन मिनिटांत टट्ट्या भिजल्या, वाळ्याचा वास आला, आणि माझ्या डोक्यात लाइट लागला. पिप चालू आहे, पण माल जाऊन कुठं राहिला?

"पिप व्हर्जन" विचारलं तर पत्ता निघाला पायथन ३.९ चा. आणि मी ज्या खिडकीत इम्पोर्ट करून राहिलो होतो ती ३.१२ ची! घरात दोन पायथन, बसा. ३.९ पोट्ट्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कधीतरी टाकलं होतं, ३.१२ मी परवा टाकलं, आणि प्रत्येकाचं सामानाचं कपाट वेगळं असते हे मला कोणी सांगितलंच नाही. एकाच्या कपाटातली वस्तू दुसऱ्याला दिसत नाही. आमच्या सोसायटीत बी विंगला आमच्याच आडनावाचे एक काका आहेत, माझं अर्धं कुरिअर तिकडे जाते, मोबाइलवर "डिलिव्हर्ड" येते आणि मी दारात उभा. एकदा संत्रा बर्फीचा डबा गेला होता, परत आला तेव्हा त्यात बर्फी कमी आणि दिलगिरी जास्त होती. अगदी तसंच, पांडाज रोज डिलिव्हर होत होता, फक्त ३.९ काकांकडे.

भाच्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "मामा, पाय स्पेस डॅश ३.१२ स्पेस डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज करा. म्हणजे ज्याला पाहिजे त्याच्याच हातात जाते." हे आधी सांगता येत नव्हतं? "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." कॉम्प्युटरवाल्यांचं हे एक आहे, त्यांना जे कळते ते सगळ्या जगाला जन्मतःच कळते असं ते धरून चालतात.

इम्पोर्ट केलं. लाल अक्षरं नाहीत, काहीच नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. ही भाषा खुश झाली की बोलत नाही, आमच्या घरी उलटं आहे.

मग चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, एक्सेलच्या फोल्डरमध्ये सेव्ह केला, एफ-फाइव्ह दाबलं, आणि पुन्हा लाल! आता म्हणे पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल पांडाज, यात रीड-एक्सेल नाही, बहुतेक सर्क्युलर इम्पोर्टमुळे. अर्धवट सुरू झालेलं मॉड्यूल म्हणे. अबे मी अर्धवट झालो इथं! पाऊण तास गेला. कारण सांगायला लाज वाटते, मी माझ्या फायलीचं नाव काय ठेवलं होतं, तर पांडाज डॉट पीवाय. पायथन आधी शेजारीच शोधते, त्याला माझीच फाइल सापडली, ती स्वतःच स्वतःला बोलवून राहिली होती. आरशासमोर उभं राहून "अहो, आत या ना" म्हणण्यातला प्रकार. फायलीचं नाव बदलून "हिशोब" केलं.

त्यानंतर ओपनपायएक्सएल नाही म्हणून बोंबललं, कारण एक्सेल उघडायला पांडाजला हा वेगळा गडी लागते, वऱ्हाडात तेवढाच राहून गेला होता. पण आता मी तयार होतो, नाव पत्त्यासकट मागवला.

रात्री पावणेदोनला यादी निघाली. तिन्ही फायली एकत्र, फ्लॅट नंबर एकसारखे, सगळ्यात जास्त थकबाकीवाला सगळ्यात वर. मी खुर्चीत सरसावून बसलो. पहिला नंबर ए विंगचा, त्याचं काही आश्चर्य नाही. दुसऱ्या नंबरवर चौदा महिने, एकवीस हजार, आणि आडनाव आमचं. आधी वाटलं बी विंगवाले काका, चला, बर्फीचा हिशोब वसूल झाला. मग फ्लॅट नंबर वाचला. सी-३०२. मागच्या वर्षी बँकेतलं खातं बदललं तेव्हा दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे जुन्या खात्यासोबतच बंद झाले असतील, आणि इकडे मी बोर्डावर नावं लावून राहिलो.

खाटेवरून आवाज आला, "झालं का हो तुमचं? सेक्रेटरी संध्याकाळीच विचारून गेले."

मी लॅपटॉप मिटला.

"नाही ना," म्हटलं, "लोडच नाही होऊन राहिलं."